हे तर कोणालाही सुचले असते!

बेकरीच्या काउंटरवर काचेचे एक छोटे कपाट तुम्ही नक्कीच पाहिले असेल. आत पिवळा दिवा, जाळीच्या फळ्या आणि फळ्यांवर मांडलेले पॅटिस नाहीतर समोसे. दुकानदार त्याला ‘हॉट केस’ म्हणतो. सकाळी केलेला पदार्थ दुपारपर्यंत गरम ठेवायचा, एवढेच त्याचे काम. अशा कपाटात शोध लावण्यासारखे ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण अन्न गरम ठेवणाऱ्या कपाटांसाठी आजवर पुष्कळ पेटंटे घेतली गेली आहेत. पेटंटावरून तंटा सुरू झाला, की विरुद्ध बाजूचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : “यात शोध कसला? हे तर कोणालाही सुचले असते!”

हे वाक्य उच्चारायला सोपे आहे, पण ते खरे की खोटे हे ठरवायचे कसे? त्यासाठी काही कसोटी आहे का? आपण त्या काचेच्या कपाटापासूनच सुरुवात करू या.

कपाटातली कोरडी हवा

शिजवलेले अन्न कोमट ठेवणे धोक्याचे असते. साधारण ५ ते ६० अंश सें. या पट्ट्यात जंतू वाढू शकतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची बीजुके तर शिजवण्याच्या उष्णतेतूनही वाचतात आणि पुढे ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो जंतू फार झपाट्याने वाढतो. म्हणून गरम ठेवायचे अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे, असा नियम आहे.

मग कपाटातली हवा ८० अंशांपर्यंत तापवली की झाले, नाही का? इथेच खरी गंमत आहे. समजा, खोलीतील हवा ३० अंशांवर असून तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. ३० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका असतो. म्हणजे या हवेतील वाफेचा दाब सुमारे १९ मिलिमीटर झाला. आता हीच हवा ८० अंशांपर्यंत तापवा. वाफ तेवढीच राहिली, पण ८० अंशांना संपृक्त बाष्पदाब ३५५ मिलिमीटर असतो. १९ला ३५५ने भागा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून जेमतेम ५ टक्क्यांवर आली! हवेत नवे काहीही मिसळले नाही, तरी ती वाळवंटातील हवेसारखी कोरडी झाली.

अशी तहानलेली हवा पदार्थातील पाणी भराभर शोषून घेते. पाण्याची वाफ होताना अप्रकट उष्णता लागते. ६० अंशांच्या सुमारास ती दर ग्रॅमला सुमारे ५६० कॅलरी असते. ही उष्णता पदार्थाकडूनच घेतली जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते, त्याच कारणाने तापलेल्या कपाटातला ओलसर पदार्थ थंड होऊ लागतो. वर सांगितलेल्या ८० अंशांच्या हवेच्या झोतात ओले फडके गुंडाळलेला तापमापक धरला, तर तो ८० नव्हे, ३५ अंशांच्या आसपास स्थिरावेल. कपाटाच्या भिंतींकडून आणि दिव्याकडून येणाऱ्या प्रारणामुळे प्रत्यक्ष पदार्थ इतका थंड होत नाही. पण वरून वाळणे आणि आतून निवणे ही दोन्ही संकटे त्याच्यावर एकदमच येतात.

पाण्याचे ताट

यावर उपाय काय? तुमची आई पोळ्यांचा डबा झाकून ठेवते, इडलीवाला पातेल्यावर ओले फडके टाकतो. कपाटात तळाशी पाण्याचे ताट ठेवावे, हे कोणत्याही आचाऱ्याला सुचेल. वाफ वाढली की वाळणे कमी होते. पण ती फार वाढली, तर पॅटिसचा पापुद्रा मऊ पडतो आणि समोसा चामड्यासारखा होतो. म्हणजे कोरडेपणा नको आणि ओलही नको.

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील विन्स्टन शेल्टन या अभियंत्यासमोर हाच प्रश्न होता. तळलेली कोंबडी विकणाऱ्या ‘केंटकी फ्राइड चिकन’ या दुकानांसाठी ते यंत्रे बनवत असत. कोंबडी आत रसदार आणि वर कुरकुरीत राहायला हवी होती. १९८०च्या दशकात त्यांनी असे कपाट बनवले, की त्यात पाण्याचे तापमान वेगळे आणि हवेचे तापमान वेगळे राखता येई.

याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, ताटातील पाणी ६० अंशांवर ठेवले. त्याचा बाष्पदाब सुमारे १४९ मिलिमीटर असतो. कपाट बंद असल्यामुळे आतील हवेत वाफेचा दाब जवळजवळ तेवढाच होतो. आता पदार्थातील पाणीही ६० अंशांवर असेल, तर त्याचाही बाष्पदाब तेवढाच. दोन्ही दाब समान झाले, की बाष्पीभवन जवळजवळ थांबते. पदार्थ थंड होऊ लागला, तर त्याच्यावर वाफ सांद्रित होऊन त्याला पुन्हा उष्णता मिळते. थोडक्यात, पदार्थाचे तापमान पाण्याच्या तापमानाशी बांधले जाते. आणि हवा ८० अंशांवर ठेवली तर? १४९ला ३५५ने भागल्यास सापेक्ष आर्द्रता ४२ टक्के येते. तेवढ्या फरकाने पृष्ठभाग कोरडा आणि कुरकुरीत राहतो. पाण्याचे बटण अन्नाचे तापमान ठरवते आणि हवेचे बटण त्याचा कुरकुरीतपणा.

शेल्टन यांच्या नावावर अनेक पेटंटे आहेत. त्यांच्या पेटंटांचा निवाडा करणे हा आपला हेतू नाही. पण या कपाटाच्या तीन पायऱ्या, म्हणजे तापवलेली पेटी, पाण्याचे ताट आणि दोन स्वतंत्र तापनियंत्रक, लक्षात ठेवा. शेवटी त्यांचा न्याय तुम्हालाच करायचा आहे.

पेटंट कोणाला द्यायचे?

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती जगासमोर उघड करायची आणि त्या बदल्यात ठरावीक काळ ती वापरण्याचा हक्क फक्त त्याचा राहायचा. आपल्या देशात आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. तेवढा काळ इतरांनी परवानगीशिवाय ती वस्तू बनवायची किंवा विकायची नाही.

हा हक्क मोठा आहे, म्हणून अटीही कडक आहेत. वस्तू नवी हवी आणि उपयोगी हवी. तिसरी अट सर्वांत अवघड आहे. त्या धंद्यातील जाणकाराला सहज सुचेल अशी ती नसावी. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. आधीच माहीत असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध नव्हे.

ही तिसरी अट कशी जन्मली, त्याची कथा दाराच्या मुठीशी जोडलेली आहे. १८४१ साली अमेरिकेत हॉचकिस व त्याच्या सहकाऱ्यांना दाराच्या मुठी चिनीमातीच्या बनवण्याबद्दल पेटंट मिळाले. तशा मुठी लाकडाच्या आणि धातूच्या पूर्वीपासून होत्या, मूठ दांड्याला बसवण्याची रीतही जुनीच होती. फक्त माती नवी. १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चांगले साहित्य निवडणे हे कुशल कारागिराचे काम आहे, संशोधकाचे नव्हे. मूठ नवी होती, उपयोगी होती, स्वस्तही होती. तरी पेटंट टिकले नाही.

मिर्झापूरची भांडी

आपल्याकडचा गाजलेला खटलाही स्वयंपाकघराच्या जवळचाच आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळी भांड्यांचे कारखाने होते. भांडे लेथवर फिरवून कातताना ते सुटून उडे आणि कामगाराला इजा होण्याची भीती असे. तेथील ‘हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ या भागीदारी संस्थेने १९५१ साली भांडे घट्ट धरण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. लेथच्या एका टोकाला भांडे बसवायचे आणि दुसऱ्या टोकाकडून त्यावर दाब देऊन ते आवळून धरायचे, अशी ती युक्ती होती. गावातीलच ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ ही संस्था तेच साधन वापरू लागली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले.

अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. अपिलात दोन न्यायमूर्तींनी ते पुन्हा वैध ठरवले. अखेर डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लेथची ही दोन्ही अंगे पूर्वीपासून माहीत होती. त्यांची जोडणी म्हणजे कारखान्यात रोज होत असते तशी सुधारणा. पेटंट रद्द झाले. त्याची मुदत तर तोवर उलटूनही गेली होती!

पाहा, तंटा किती अवघड होता. साधन उपयोगी होते, कामगारांचे हात त्यामुळे वाचत होते. पण म्हणूनच प्रश्न उभा राहतो. कोणीही चांगला लेथ कारागीर जे उद्या सकाळी आपणहून करील, ते करायला गावातल्या इतर कारखान्यांना बंदी करावी काय? तशी बंदी घातली, तर सर्वांच्या कौशल्यावर एकाचाच ताबा येतो.

उत्तर कळल्यावर कोडे सोपेच

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. एखादे कोडे तुम्ही तासभर सोडवत बसता. मित्र उत्तर सांगतो आणि तुम्ही म्हणता, “हात्तिच्या, एवढेच ना!” शोधांचेही असेच होते. लागल्यानंतर ते सोपे दिसतात. न्यायाधीशासमोर शोध येतो तो उत्तर कळल्यानंतर. म्हणून त्याला मुद्दाम मागे जावे लागते आणि शोध लागण्यापूर्वीच्या जाणकाराच्या जागी उभे राहून पाहावे लागते.

बर्ट ॲडॅम्स यांच्या विद्युत घटाची हकिगत याचे उत्तम उदाहरण आहे. एक पट्टी मॅग्नेशियमची, दुसरी क्युप्रस क्लोराइडची. घट कोरडा साठवायचा आणि हवा तेव्हा नुसते पाणी ओतले, की वीज सुरू. ॲडॅम्स यांनी तो अमेरिकी सैन्याला दाखवला. सैन्याच्या तज्ज्ञांनी सांगितले, की हा घट उपयोगाचा नाही. पुढे मात्र सैन्याने ॲडॅम्स यांना न कळवता इतर कंपन्यांकडून तसेच घट बनवून घेतले. ॲडॅम्स यांनी दावा लावला, तेव्हा सरकारने म्हटले, की मॅग्नेशियम जुने, क्युप्रस क्लोराइड जुने, मग यात नवल ते काय?

१९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲडॅम्स यांच्या बाजूने निकाल दिला. घटक जुने असले, तरी त्या काळचे ज्ञान अशा घटापासून परावृत्त करणारे होते. जे चालणारच नाही असे तज्ज्ञ म्हणत होते, तेच चालले. मग ते ‘सहज सुचण्यासारखे’ कसे म्हणायचे?

त्याच दिवशी याच न्यायालयाने नांगराच्या एका खटल्याचाही निकाल दिला. फाळ दगडाला अडून मोडू नये म्हणून ग्रॅहॅम नावाच्या संशोधकाने नांगराच्या दोन भागांची जागा बदलली होती. ते पेटंट मात्र टिकले नाही. या निकालात न्यायालयाने विचाराच्या पायऱ्या घालून दिल्या. आधी काय माहीत होते? नव्या वस्तूत नेमका फरक कोणता? त्या धंद्यातील साधारण जाणकाराची तयारी किती? शिवाय आजूबाजूची साक्षही पाहावी. त्या वस्तूची गरज फार दिवसांची होती का? इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का? वस्तू बाजारात चालली का?

जाणकार म्हणजे यंत्र नव्हे

२००७ साली आणखी एक महत्त्वाचा निकाल आला. मोटारीचे पुढेमागे सरकवता येणारे पायडल जुने होते, विजेवर चालणारा संवेदकही जुना होता. दोन्ही एकत्र केल्याबद्दल ‘टेलिफ्लेक्स’ या कंपनीकडे पेटंट होते. ‘केएसआर’ या कंपनीने त्याला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की साधारण जाणकारालाही थोडी कल्पकता असतेच, तो सांगितले तेवढेच करणारे यंत्र नव्हे. ओळखीच्या वस्तू ओळखीच्या रीतीने जोडल्या आणि अपेक्षेप्रमाणेच फळ मिळाले, तर तो बहुधा शोध नसतो.

मग जुन्या वस्तूंची प्रत्येक जोडणी बाद होणार काय? तसे नाही. २०१९चा एक तंटा पाहा. ‘हेनी पेनी’ आणि ‘फ्रायमास्टर’ या दोन्ही अमेरिकी कंपन्या तळणयंत्रे आणि अन्न गरम ठेवणारी कपाटे बनवतात. तेल पुन्हा पुन्हा तापले, की त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात आणि तेल खराब होते. ती मोजणारा संवेदक फ्रायमास्टरने तळणयंत्राच्या नळीतच बसवला. गाळणीकडे जाणारे तेल जाताजाताच तपासले जाई. हेनी पेनीने दोन जुनी पेटंटे पुढे करून म्हटले, की यांची जोडणी कोणालाही सुचली असती. पण त्यांपैकी एका पद्धतीत तेल आधी थंड करून मगच तपासावे लागे. दोन्ही जोडल्यास यंत्र अधिक गुंतागुंतीचे झाले असते, मग जाणकार त्या वाटेने का जाईल? शिवाय व्यवसायातील लोकांनी नव्या यंत्राची वाखाणणी केली होती. अपील न्यायालयाने फ्रायमास्टरचे पेटंट कायम ठेवले.

आता न्यायाधीश तुम्ही

आपल्या कपाटाकडे परत येऊ. समजा, दोन तापनियंत्रकांचे कपाट अजून कोणी बनवलेलेच नाही आणि तुमच्यासमोर तीन अर्ज आले आहेत.

पहिल्याने तापवलेल्या पेटीला एक घड्याळ आणि घंटा जोडली आहे. पेटी पेटीचे काम करते, घंटा घंटेचे. एकामुळे दुसऱ्यात काहीच बदलत नाही. हा अर्ज फेटाळायला तुम्हाला फार वेळ लागू नये.

दुसऱ्याने पाण्याचे ताट ठेवले आहे. पदार्थ वाळतो हे सर्वांना माहीत, ओलाव्याने वाळणे कमी होते हेही सर्वांना माहीत. फळ अपेक्षेप्रमाणेच आहे. दुसरा अर्जही गेला.

तिसऱ्याने पाण्याला आणि हवेला वेगवेगळे तापनियंत्रक बसवले आहेत. येथे थांबा. विरोधी पक्ष म्हणेल, “बाष्पदाबाचे नियम डाल्टनने १८०१च्या सुमारास सांगितले. वेधशाळेत ओला आणि कोरडा तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात. तापनियंत्रक बाजारात मिळतो. एकाऐवजी दोन बसवले, त्यात विशेष ते काय?” अर्जदार म्हणेल, “नियम सर्वांनाच माहीत होते. मग आचारी इतकी वर्षे वाळलेले पदार्थ का विकत होते? पाणी म्हणजे नुसता ओलावा, एवढेच सर्वांनी धरले. पाण्याचे तापमान हीच अन्नाच्या तापमानाची किल्ली आहे, हे कोणी वापरून दाखवले?”

दोन्ही बाजूंत दम आहे. निकाल पुराव्यावर ठरेल. जुन्या पुस्तकांत, जुन्या पेटंटांत, बेकरीतील पीठ फुगवण्याच्या पेट्यांत ही किल्ली आधी कोणी फिरवली होती का, हे शोधावे लागेल. खऱ्या पेटंट कचेरीतील परीक्षकही हेच करतात. आपल्या देशात अशा कचेऱ्या कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे आहेत. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट देण्यापूर्वी कोणीही नागरिक तेथे लेखी विरोध नोंदवू शकतो.

शिक्षकांनी हा खटला वर्गात जरूर चालवावा. काही मुलांनी अर्जदार व्हावे, काहींनी विरोधक, आणि तिघांनी न्यायाधीश. त्याआधी प्रयोगशाळेतील दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळा, दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात धरा आणि पाच मिनिटांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. मग न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारावा : हा फरक पाहून पाण्याला वेगळा तापनियंत्रक बसवण्याचे तुम्हाला, या लेखातले उत्तर वाचले नसते, तर सुचले असते काय?